‘भूमिका’मधील उषाची कीर्ती नेमकी कोणाची होती?

रुपेरी_पान (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

श्याम बेनेगल यांचा १९७७ सालचा ‘भूमिका’ आमच्या चित्रपट मंडळात नुकताच दाखवला गेला आणि नंतरच्या चर्चेत एक मुद्दा असा अडून बसला की तो येथे मांडल्यावाचून राहवत नाही. रूप आणि कीर्ती यांचा पोकळपणा दाखवणारा चित्रपट म्हणून ‘भूमिका’चे नाव नेहमी घेतले जाते. उषा (स्मिता पाटील) ही ‘उर्वशी’ या नावाने पडद्यावर गाजलेली नटी. तिच्या चेहऱ्यासाठी लोक तिकिटे काढतात, तिच्या नावावर निर्माते पैसा लावतात आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र एकामागून एक न टिकणारी घरे येतात. मराठी नटी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर चित्रपट आधारलेला आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच.

माझी अडचण अशी आहे. कीर्ती पोकळ आहे असे दाखवायचे, तर आधी तिचा कैफ प्रेक्षकाला जाणवायला हवा, असे मला वाटत आले आहे. माणूस शिखरावर पोहोचतो, तेथील वारे अंगावर घेतो आणि मग तेथे काहीच नाही हे त्याच्या लक्षात येते, असा या प्रकारच्या कथांचा नेहमीचा क्रम असतो. ‘भूमिका’मध्ये तो कैफ जवळजवळ नाहीच. उर्वशीच्या लोकप्रियतेचा एखादा सोहळा, तिचा ऊर भरून यावा असा एखादा क्षण आठवायचा प्रयत्न केला तर मला आठवत नाही. आठवते ते काम, कामावरून घरी परतणे आणि घरात वाट पाहत बसलेला केशव. अमोल पालेकरांनी रंगवलेला हा केशव तिचा नवरा आहे आणि तिच्या करारांची बोलणी करणाराही आहे. ‘रजनीगंधा’ आणि ‘चितचोर’ यांतील भाबड्या तरुणाला ओळखणाऱ्या प्रेक्षकाला या माणसाचा गोड आणि चिकट संशयीपणा पाहताना आजही अंगावर काटा येतो.

आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले की हा चित्रपट कीर्तीविषयी नाहीच, तो लग्नाविषयी आहे. उषा शाळेत शिकवत असती किंवा रुग्णालयात परिचारिका असती, तरी केशव असाच वागला असता, तिचा प्रियकर, दिग्दर्शक सुनील वर्मा याने असेच हातचे राखून प्रेम केले असते आणि ज्यांच्याकडे ती पुढे राहायला जाते त्या श्रीमंत विनायक काळ्यांच्या वाड्याचे दार असेच बंद झाले असते. तिचे नटी असणे हा केवळ तपशील आहे, असे त्यांचे मत.

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्या दिवशी नीट मांडता आले नाही. म्हणून विचारतो: उषाचे नटी असणे या कथेला अपरिहार्य आहे का? असेल, तर चित्रपट तिच्या कीर्तीचे सुख दाखवण्याचे का टाळतो? शेवटी हॉटेलच्या खोलीत ती एकटी उरते, तो शेवट पराभव म्हणून वाचावा की आणखी कसा, यावरही आपली मते वाचायला आवडतील.

माजघर

आपल्या ज्येष्ठ सभासदांविषयी आदर राखून म्हणतो की त्यांनी उषाच्या आजीला हिशेबात धरलेले नाही. शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या कथेत ही आजी असू शकत नाही आणि तिच्याशिवाय ‘भूमिका’ उभा राहत नाही.

आजी जुन्या कलावंत घराण्यातील गाणारी बाई आहे. उषाच्या गळ्यावर ती संस्कार करते. पोरीच्या रूपाचे कौतुक तिला असेलही, पण तिचा जीव सुरात आहे. कोकणात आणि गोव्यात अशा घरांची रीत अशी होती की गाणे आईकडून मुलीकडे जाई, मुलीचे लग्न होत नसे, यजमान म्हणजे आश्रय देणारा पुरुष असे आणि घराचा कारभार वडीलधाऱ्या बाईच्या हाती असे. या व्यवस्थेचे गुणगान मला मुळीच करायचे नाही, कारण त्या बायकांचे परावलंबन आणि त्यांना सोसावी लागलेली अवहेलना लहान नव्हती. पण एक गोष्ट खरी, की गाण्याने आलेला पैसा ज्या घरात येई त्या घरात गाणाऱ्या बाईचा शब्द चाले.

उषाच्या आईने, म्हणजे सुलभा देशपांडे यांनी रंगवलेल्या शांताने, ही रीत मोडली. तिने ब्राह्मणाशी संसार मांडला, मुलीचे गाणे तिला नको आहे, तिला प्रतिष्ठा हवी आहे. अशी इच्छा धरणारी ती एकटी नव्हती. तिच्या पिढीत असंख्य घरांनी गाणे सोडून लग्नाची वाट धरली आणि १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदाही झाला. पण शांताच्या संसाराचे काय झाले ते आपण पडद्यावर पाहतो. नवरा दारूत बुडाला, लवकर गेला, घरात खायला उरले नाही, आणि त्याच कुटुंबाच्या आश्रयाने वावरणारा केशव त्या सगळ्यांना मुंबईला घेऊन आला.

येथे सिनेमा येतो आणि त्याचे येणे योगायोगाचे नाही. दादासाहेब फाळके यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीच्या भूमिकेला बाई मिळाली नाही आणि साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, हे आपण सगळे जाणतो. १९३१ साली बोलपट आल्यावर तर नुसती बाई पुरेना, गाणारी बाई हवी झाली. दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घरातील स्त्रिया पडद्यावर आल्या, त्यांचे धैर्य मोठेच, पण स्टुडिओंना कितीतरी मुली मिळाल्या त्या कलावंत घरांतून. हंसाबाई त्यांच्यापैकीच. त्यांचा जन्म १९२३ चा आणि पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’ १९३६ चा, म्हणजे पडद्यावर आल्या तेव्हा त्या पोरसवदा होत्या. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. रतनची हंसा झाली, तशी चित्रपटात उषाची उर्वशी होते.

आता उषाची कोंडी पाहा. आजीकडे कला होती आणि लग्न नव्हते. आईने लग्न पत्करले आणि कला टाकली. उषाला दोन्ही मिळाले, पण दोन्हींतील जाचक तेवढेच तिच्या पदरी आले. आजीप्रमाणे तिने कमवावे अशी अपेक्षा, आणि आईप्रमाणे नवऱ्याच्या आज्ञेत राहावे अशीही अपेक्षा. लग्न झाल्यावर तिला काम सोडून घर सांभाळायचे असते, पण केशव तिला काम सोडू देत नाही, कारण त्याचे व्यवसाय बुडालेले असतात, आणि तिने काम केले की तेच काम तिच्या चारित्र्यावर शंका घ्यायला त्याला उपयोगी पडते. केशवने तिला आजीसारखे राबवले आणि आईसारखे बांधले, अशी माझी समजूत आहे. हे नटीच्याच आयुष्यात घडू शकत होते, म्हणून तिचे नटी असणे मला अपरिहार्य वाटते.

एक खुलासाही करतो. केशव म्हणजे हंसाबाईंचे पती आणि काळे म्हणजे अमुक गृहस्थ, असे सरळ समीकरण कोणी मांडू नये. गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल यांनी पटकथा लिहिताना पुस्तकाची पुष्कळ मोडतोड आणि फेरजुळणी केली आहे. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता.

कृष्णधवल

माजघर यांचे विवेचन फार मोलाचे आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: कीर्तीचे सुख चित्रपट का दाखवत नाही? माझ्या मते तो ते दाखवतो, पण आपल्याला दाखवतो. उषाला ते मिळत नाही.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. पडदा उजळतो तो लावणीच्या थाटाच्या नाचावर. वनराज भाटियांचे संगीत, प्रीती सागर यांचा आवाज, भडक दिवे, नटलेली स्मिता पाटील. त्या क्षणी आपण प्रेक्षागृहातील गर्दीचाच एक भाग असतो आणि उर्वशीच्या रूपाचा जो कैफ आहे तो आपल्याला पुरेपूर मिळतो. मग चित्रीकरण थांबते. एकाएकी दिवे, यंत्रे, उभी असलेली माणसे दिसू लागतात आणि ज्या चेहऱ्यावर आपण आता एवढे भाळलो होतो तो चेहरा कामावरून सुटलेल्या बाईचा होतो. सहनट राजनच्या गाडीतून ती घरी येते आणि घराच्या उंबरठ्यावर केशवचा संशय तिची वाट पाहत असतो. कथेची ही पहिली काही मिनिटेच असतात, तोवर रूप कोणाच्या उपयोगाचे आहे हे चित्रपटाने सांगून टाकलेले असते. ते आपल्या उपयोगाचे आहे, निर्मात्याच्या आहे, केशवच्या आहे. ती स्वतः मात्र ते दिवसभर अंगावर वागवते आणि संध्याकाळी उतरवून ठेवते.

गोविंद निहलानी यांच्या छायाचित्रणाकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. चालू काळ रंगीत आहे आणि बालपणाच्या आठवणी कृष्णधवल आहेत. रंग सिनेमात आला तो समृद्धीचे लक्षण म्हणून, पण येथे उषा जेव्हा धावत होती, गात होती, हट्ट करत होती, तो काळ बिनरंगाचा आहे आणि सगळे रंग आले ते तिचे हसू आटल्यावर. मधूनमधून जे चित्रपटातले चित्रपट दिसतात, दरबारी पोशाखी थाटाचे किंवा त्या त्या दशकातील इतर धाटणीचे, ते बेनेगल आणि निहलानी यांनी टिंगलीच्या सुरात केलेले नाहीत. त्या जुन्या शैलींचे दिवे, चौकटी, अभिनयाची लकब त्यांनी ममतेने उभी केली आहे. म्हणून उर्वशी वाईट नटी होती असा समज होत नाही. ती आपल्या कामात उत्तम होती. मला तर वाटते की उषाचे दुःख त्यामुळेच अधिक खोल जाते. पोकळ कामात गुंतलेल्या बाईची ही कथा असती तर आपण तिला काम सोडायला सांगितले असते. हिचे काम भरीव आहे आणि तरी त्या कामातून तिच्याकडे काही परत येत नाही.

आरशांचाही उल्लेख केला पाहिजे. नटीच्या कथेत आरसा असायचाच, त्यात नवल नाही. पण स्मिता पाटील आरशात ज्या पद्धतीने पाहते ते बारकाईने पाहा. तिच्या नजरेत कौतुक नसते आणि घृणाही नसते. एखादी बाई गहाण टाकलेला दागिना जशी न्याहाळेल, तशी ती स्वतःकडे पाहते. त्या वेळी स्मिता पाटील जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती, मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी मुलगी म्हणून लोक तिला ओळखत होते, आणि या चित्रपटात तिने अल्लड तरुणीपासून विवाहित मुलीच्या आईपर्यंतचा प्रवास पेलला. उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला या भूमिकेसाठी मिळाला. पुढे ‘चक्र’ या चित्रपटाच्या पोस्टरांवर तिच्या आंघोळीच्या दृश्याचा जो वापर झाला तो आठवला की मनात येते, उषाच्या बाबतीत तिने पडद्यावर जे साकारले होते तेच तिच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत पडद्याबाहेर घडत होते.

तिसरी_घंटा

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. कीर्ती पोकळ आहे हे वाक्य आपण सर्व जण गृहीत धरून चाललो आहोत. चित्रपट नीट पाहिला तर तो याच्या जवळजवळ उलट सांगतो.

काळ्यांच्या वाड्यातील प्रसंग घ्या. अमरीश पुरी यांचा विनायक काळे श्रीमंत आहे, शांत आहे, तिच्यावर हात उगारत नाही. तेथे गेल्यावर उषाला प्रथमच घर मिळाल्यासारखे वाटते. तिच्या गळ्यात मंगळसूत्र येते, दीना पाठक यांनी रंगवलेली प्रेमळ सासू मिळते, अंथरुणाला खिळलेली थोरली पत्नी तिला आपले म्हणते, त्या घरातील मुलगा तिला बिलगतो. सिनेमा सुटला, पोस्टरे सुटली, वर्तमानपत्रांतील कुजबूज सुटली. रूप आणि कीर्ती हेच दुखण्याचे मूळ असते, तर या वाड्यात ती सुखी व्हायला हवी होती. मग एके दिवशी मुलाला जत्रेला न्यायचे ठरते आणि तिला कळते की या घरातील बायकांना बाहेर पाऊल टाकता येत नाही. चांगल्या घराची खरी किंमत तिला त्या दिवशी समजते.

तेथून तिची सुटका कशी होते? ज्या केशवला सोडून ती निघाली होती त्यालाच पत्र लिहावे लागते आणि तो पोलीस घेऊन येतो. केशव का आला? बायकोवरच्या प्रेमाने आला असे मानण्याइतका चित्रपट भोळा नाही. उर्वशीला अजून बाजारात किंमत होती म्हणून तो आला, असे मला वाटते. म्हणजे जी कीर्ती तिला पोखरत होती तिनेच तिला त्या वाड्यातून बाहेर काढले. आणि थोरल्या पत्नीकडे पाहा. ती उषाला निघताना सांगते की बिछाने बदलतात, स्वयंपाकघरे बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. हे शहाणपण तिला उषाच्या आधीपासून आहे, पण ती कोणाला पत्र लिहिणार? तिच्यासाठी पोलीस घेऊन कोण येणार? तिचे नाव त्या वाड्याबाहेर कोणाला माहीत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की कीर्तीला पोकळ म्हणण्याची चैन ज्यांच्याकडे इतर आधार आहेत त्यांना परवडते. उषाकडे तेवढी एकच मिळकत होती, आणि अपुरी असली तरी ती खरी होती.

पूर्वेकडचा_प्रवासी

तिसरी_घंटा यांच्या शेवटच्या वाक्यावरून मला सत्यजित राय यांचा १९६६ सालचा ‘नायक’ आठवला. कीर्तीच्या पोकळपणाविषयीचा भारतीय चित्रपट म्हटले की पहिल्यांदा त्याचे नाव येते, आणि दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले तर मूळ प्रश्न बराच सुटतो.

‘नायक’मध्ये उत्तमकुमार यांनी अरिंदम मुखर्जी हा लोकप्रिय नट साकारला आहे. पुरस्कार घेण्यासाठी तो कोलकात्याहून दिल्लीला रेल्वेने निघाला आहे आणि गाडीत त्याची गाठ अदिती या तरुण संपादिकेशी पडते. शर्मिला टागोर यांनी ती भूमिका केली आहे. एका प्रवासात तो तिच्यापुढे आपले मन मोकळे करतो. त्यातील स्वप्नाचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात असेल. नोटांच्या ढिगाऱ्यांतून अरिंदम चालतो आहे, आणि चालता चालता तो त्या नोटांतच रुतू लागतो, बुडू लागतो, हात वर करतो.

ते स्वप्न उषाला पडू शकत नाही. नोटांत बुडण्यासाठी आधी त्या आपल्या असाव्या लागतात. अरिंदमने रंगभूमी सोडली, गुरूचा सल्ला डावलला, मित्राला अडचणीत साथ दिली नाही, पण ते सर्व निर्णय त्याचे स्वतःचे होते आणि म्हणून त्याला अपराधी वाटते. त्याची पोकळी ही निवड केलेल्या माणसाची पोकळी आहे. उषाने सिनेमा निवडला नव्हता, तिला तेथे नेऊन उभे केले होते. तिचे करार केशव करतो, पैसा केशवच्या हातून जातो. रुपेरी_पान यांनी विचारले की तिच्या कीर्तीचा कैफ का दिसत नाही. माझे उत्तर असे की कैफ चढायला पेला आपल्या हातात असावा लागतो.

हॉलिवूडच्या अशा कथांचेही थोडेसे असेच आहे. १९५० सालच्या ‘सन्सेट बूलेवार्ड’मधली नॉर्मा डेस्मंड आपले गेलेले वैभव कवटाळून बसते, कारण ते एके काळी तिचे होते. उषाची लोकप्रियता ओसरलेली नाही, तिचे रूप उतरलेले नाही, ती मुंबईला परतते तेव्हाही फलकांवर तिचाच चेहरा झळकत असतो. भर बहरात असलेल्या कीर्तीविषयी हा चित्रपट बोलतो, आणि ते बोलणे मला अधिक कठोर वाटते.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. ‘नायक’च्या अखेरीस अदिती आपली टिपणे फाडून टाकते. नायकाचे गुपित गुपित राहते, लोकांच्या मनातील त्याची प्रतिमा अभंग राहते आणि ते तिच्या सौजन्याचे लक्षण म्हणून आपण मानतो. हंसाबाईंनी नेमके उलटे केले. त्यांनी स्वतःहून सांगितले, अरुण साधू यांनी शब्दांकन केले, ‘माणूस’ या नियतकालिकात ते क्रमशः आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ज्या नटीने ‘संत सखू’मध्ये सासुरवास सोसणारी, विठ्ठलाच्या नावावर जगणारी सखू केली आणि ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये प्रेक्षकांची मने जिंकली, तिने आपल्या प्रतिमेची पर्वा न करता संसार, व्यसन, भरकटणे हे सर्व उघड बोलून टाकले. प्रतिमा जपावी असे अरिंदमला वाटते कारण ती त्याची मिळकत आहे. हंसाबाईंना ती जपावीशी वाटली नाही.

रुपेरी_पान

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या मनात जे धूसर होते ते आता बरेच स्पष्ट झाले. मी कीर्तीचा कैफ शोधत होतो आणि तो उषाच्या वाट्याला येण्याची व्यवस्थाच नव्हती, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तिसरी_घंटा यांचा वाड्याविषयीचा मुद्दा मला सर्वांत अधिक भिडला, जरी त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. केशव किंमत ओळखून आला असे मानले तरी ती किंमत तिच्या कामाची होती की तिच्या मालकीची, हा भेद उरतोच.

आता राहिला शेवट. मुलगी सुषमा हॉटेलात भेटायला येते. ती विवाहित आहे, स्वतः आई होणार आहे, आणि आईला आपल्याकडे राहायला ये म्हणते. उषा नाही म्हणते. नंतर राजनचा फोन येतो आणि ती त्याच्याशी बोलत नाही. आमच्या मंडळात बहुतेकांना हा शेवट निराशेचा वाटला. मुलीचे प्रेमळ बोलावणेही तिने नाकारावे, याचा अनेकांना त्रास झाला.

माजघर

मुलीचे बोलावणे नाकारणे मला मुळीच निराशेचे वाटत नाही. आजवर उषा ज्या ज्या घरात राहिली ते कोणाचे तरी घर होते. केशवचे घर तिच्या पैशांवर चालत होते आणि तरी ते केशवचे होते. काळ्यांचा वाडा काळ्यांचा होता. सुनीलबरोबर तर घरही नव्हते, एकत्र मरण्याचा बेत होता आणि त्यातही तिची फसवणूकच झाली. आता सुषमाकडे जाणे म्हणजे जावयाच्या घरी जाणे. मायेने बोलावणारी मुलगी असली तरी तेथे तिची जागा पाहुणीची किंवा आश्रिताची. तीन पिढ्यांच्या बायका डोळ्यांसमोर ठेवल्या तर ‘नको, मी एकटी राहीन’ हे उत्तर त्या घराण्यात प्रथमच कोणी तरी दिले आहे. आजीला एकटे राहणे परवडणारे नव्हते आणि आईला ते सुचलेही नसते.

राजनचे तसेच. त्याचे तिच्यावर प्रेम आहे हे अनंत नाग यांनी फार संयमाने दाखवले आहे आणि त्याच्यात खोट काढावी असे काही नाही. पण ती प्रत्येक वेळी एका पुरुषाकडून सुटण्यासाठी दुसऱ्याकडे गेली. त्या क्षणी फोनवर उत्तर दिले असते तर तीच ओळ पुढे चालू राहिली असती. चित्रपट तिला सुखी करत नाही हे खरे, आणि उद्या सकाळी तिला पुन्हा तोंडाला रंग लावून स्टुडिओत जावे लागेल हेही खरे. पण त्या उत्पन्नाचे काय करायचे, हे ठरवताना खोलीत दुसरे कोणी नसेल.

आपल्या मंडळात पुढची चर्चा होणार असेल तर माझी सूचना अशी, की सभासदांनी आधी ‘सांगत्ये ऐका’ वाचावे आणि मग पुन्हा चित्रपट पाहावा. पुस्तकाचे नाव अनंत माने यांच्या त्याच नावाच्या १९५९ सालच्या तमाशापटावरून घेतलेले आहे. त्यात हंसाबाईंची भूमिका होती आणि तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव त्यांनी आपल्या दुःखाच्या कहाणीला दिले, तेव्हा आपली कीर्ती स्वतःच्या कामी लावण्याचा अधिकार निदान त्या एका ठिकाणी त्यांनी बजावला, असे मी मानतो. ज्येष्ठ सभासदांना हा मुद्दा अवश्य सांगा आणि त्यांचे म्हणणे काय पडते ते येथे कळवा.